कानात तेल घालण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कानाच्या तक्रारी वाढतात. यंदाही तसेच झाले. त्यांतील एका पत्राने मला या पंधरवड्याचा विषय दिला. पत्रलेखिका स्वतः साठीच्या आसपासच्या असून चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंची शुश्रूषा करतात. एके रात्री दीडच्या सुमारास सासूबाईंचा उजवा कान ठणकू लागला. बाहेर मुसळधार पाऊस, गावात रात्रीचा डॉक्टर नाही, यजमान परगावी. शेजारच्या आजींनी लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडण्यास सांगितले. तेल तयार झाले, वाटीत काढले गेले, आणि ऐन वेळी यांचा हात थबकला. रात्र कशीबशी सरली. आता त्या विचारतात की, तेल घातले नाही हे योग्य झाले, की म्हातारीला उगाच रात्रभर तळमळत ठेवले? आणि तेल घालायचे नसेल, तर अशा वेळी घरी करण्यासारखे काही आहे की नाही?

त्यांचा हात थबकला हे उत्तम झाले. पण प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. नुसते ‘हे करू नका, ते करू नका’ असे सांगणारा डॉक्टर रात्री दीड वाजता कोणाच्याच उपयोगाचा नसतो. घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. त्यातले बहुतेक सारे कानाच्या बाहेरून करायचे आहे, एवढेच.

आधी तेलाविषयी. आपल्याकडे तेल आणि कान यांचे नाते जन्मापासूनचे आहे. न्हाऊमाखू घालताना बाळाच्या कानात तेलाचा थेंब सोडणारी आजी जवळजवळ प्रत्येक घरात होऊन गेली. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग वर्णिले आहेत, आणि कर्णपूरण हा आयुर्वेदातील एक रीतसर उपचार आहे. मात्र तो जाणत्या वैद्याने रुग्णाची तपासणी करून करावयाचा असतो. तेव्हा तेल हे विष आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तेल कोणाच्या कानात जात आहे, आणि आत गेल्यावर ते कुठवर पोहोचणार आहे, हे ठाऊक नसताना ते घालणे हा खरा धोका होय.

कानाच्या भोकापासून आत सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, किंचित नागमोडी वळणाची नळी आहे. तिच्या टोकाशी कानाचा पडदा ताणून बसवलेला असतो. पडद्यापलीकडे मधला कान, त्यात तीन चिमुकल्या हाडांची साखळी, आणि त्याही पलीकडे ऐकण्याचा व तोल सांभाळण्याचा आतला कान. पडदा शाबूत असेल, तर वरून घातलेले तेल नळीतच राहते. पडद्याला भोक असेल, तर ते थेट मधल्या कानात उतरते, आणि त्याबरोबर नळीतले जंतूही उतरतात.

आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीच्या बाबतीत ही शंका विशेष घ्यावी लागते. त्यांच्या बालपणी खेडोपाडी प्रतिजैविके सहज मिळत नव्हती. ‘लहानपणी माझा कान फुटला होता’ किंवा ‘पावसाळ्यात माझा कान वाहायचा’ असे सांगणारे वृद्ध मला दर आठवड्याला भेटतात. ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘आपोआप बरा झाला.’ कान वाहायचा थांबला हे खरे. परंतु वाहणे थांबणे आणि भोक बुजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पन्नास-साठ वर्षे कोरडे राहिलेले भोक घेऊन माणूस सुखाने वावरत असतो, आणि त्याचा पत्ता ना त्याला असतो ना घरच्यांना. म्हणून माझी एक विनंती आहे. घरात कोणाचाही कान दुखत नसताना, एखाद्या निवांत दुपारी, आपल्या आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना विचारून ठेवावे: लहानपणी कान वाहत असे का? कानाचे काही ऑपरेशन झाले होते का? उत्तर ‘हो’ आले, तर त्या कानात डॉक्टरांनी तपासल्यावाचून तेल, पाणी, थेंब यांपैकी काहीही जाता कामा नये.

‘पण तेलाने गुण येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे!’ असे पुष्कळ जण म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. काय घडते ते पाहू. सर्दीनंतर मधल्या कानात पू साचतो, पडद्यावर आतून दाब येतो आणि असह्य ठणका लागतो. रात्री अकराला कोणीतरी तेल घालते. पहाटे चारच्या सुमारास कानातून पिवळट स्राव उशीवर येतो आणि दुखणे झटक्यात थांबते. घरचे म्हणतात, तेलाने घाण बाहेर काढली. वस्तुतः दाब सहन न होऊन पडदा फाटलेला असतो. पू बाहेर पडला, दाब उतरला, कळ थांबली. तेल घातले नसते तरी बहुधा हेच घडले असते; घातल्यामुळे मात्र फाटलेल्या पडद्याशी आता जंतूंच्या जोडीला तेलही आहे. अशी पुष्कळशी भोके काही आठवड्यांत आपोआप भरून येतात, पण तोवर कान कोरडा राहावा लागतो. म्हणूनच दुखणे एकाएकी थांबले आणि कान वाहू लागला, तर ते बरे होण्याचे लक्षण मानून स्वस्थ बसू नये. दुसऱ्या दिवशी कान दाखवावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाणी उकळले की ते आपल्याला दाखवते. तेल दाखवत नाही. पाण्याच्या दुप्पट तापलेले तेलही वाटीत शांत दिसते. वरून गार वाटणाऱ्या वाटीच्या तळाशी ते बराच वेळ गरम राहते. कानाच्या नळीतली कातडी अतिशय पातळ असते, आतल्या बाजूला तर ती थेट हाडावर ताणलेली असते. कढत तेलाने भाजलेले कान मी पाहिले आहेत. ते दुखणे मूळच्या दुखण्यापेक्षा कितीतरी भयंकर असते.

तेल भाजण्याइतके गरम नसले, तरी आणखी एक गोष्ट घडते. व्हिएन्नाच्या कर्णरोग विभागात रॉबर्ट बारानी नावाचे डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धुवत असत. गार पाणी वापरले की रुग्णाला गरगरते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे एकदा पाणी जास्तच गरम निघाले. तेव्हाही गरगरले, फक्त डोळ्यांची बुबुळे उलट दिशेने हलू लागली. शरीराच्या तापमानाहून वेगळ्या तापमानाचा द्रव कानात गेला की आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या नलिकांत हालचाल सुरू होते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. या संशोधनासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची वार्ता आली तेव्हा ते महायुद्धातील कैदी म्हणून रशियात होते. आपल्या दृष्टीने यातील सार असे की, ऐंशी वर्षांच्या आजींच्या कानात रात्री गरम किंवा गार काही घातले आणि त्या पाचच मिनिटांत लघवीला उठल्या, तर त्या भोवळ येऊन पडू शकतात. कानाच्या ठणक्यापायी खुब्याचे हाड मोडून घेणे हा फारच महागाचा सौदा आहे.

आता लसणीविषयी. कच्ची लसूण ठेचली की तिच्यात जंतूंना मारक असे द्रव्य तयार होते, हे खरे आहे. पण ते उष्णतेपुढे टिकत नाही. पाकळ्या लालसर होईतो तळल्यावर तेलात उरतो तो मुख्यतः वास. उलट कच्ची ठेचलेली लसूण कातडीला लागून राहिली तर फोड येतात. लसणीची बाजूही सांगितली पाहिजे. २००१ साली इस्राएलमध्ये १०३ मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना लसूण व इतर वनस्पतींचे तयार थेंब दिले, काहींना कान बधिर करणारे औषधी थेंब. दोन्ही गटांतील वेदना सारखीच ओसरत गेली. पण ते थेंब औषध म्हणून तयार केलेले होते, घरच्या कढईतले नव्हते. आणि ती मुले होती, मधुमेह असलेले वृद्ध नव्हेत. कानदुखी बहुधा दोन-तीन दिवसांत उतरणीला लागते. तिच्या उताराचे श्रेय त्या वेळी जे काही हाताशी होते त्याला मिळून जाते.

कांद्याचा रस, तुळशीचा रस, अंगावरचे दूध, गोमूत्र, कोमट मिठाचे पाणी, यांना एकच उत्तर: यांतले काही निर्जंतुक नसते, म्हणून कानात घालू नये. रुईच्या पानाचा रस मात्र वेगळा काढून सांगतो, कारण आमच्या कोकणात तो अजून सर्रास वापरला जातो. रुईचा चीक कातडीची आग करतो आणि डोळ्याला लागला तर डोळा सुजतो. तो कोणत्याही कारणाने कानाजवळ नेऊ नये. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि मागच्या वर्षीच्या उरलेल्या थेंबांची बाटली हेही याच रांगेत. कानाच्या काही थेंबांतील प्रतिजैविके पडद्याच्या भोकातून आत झिरपली तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात. स्टेरॉइड असलेले थेंब आपल्याच मनाने पुनःपुन्हा घातले तर कानात बुरशी माजते. पावसाळ्यात ही बुरशी आधीच टपलेली असते. आत पाहिले तर भिजलेल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यावर काळे ठिपके पडावेत तशी दिसते. आधी खाज येते, मग ठणका. तेलाच्या ओलाव्यावर ती अधिकच पोसते.

मग त्या रात्री करावे काय?

रुग्णाला प्रथम उठवून बसवावे, किंवा पाठीशी दोन-तीन उशा लावून डोके उंच करावे. आडवे झाल्याने कानातील रक्ताचा साठा व दाब वाढतो. नुसते बसल्यानेही ठणका कमी होतो, हा अनुभव बहुतेकांना येतो. दुखरा कान खाली दाबून झोपू नये. कान वाहत असेल तर मात्र त्या बाजूला मान कलती ठेवून स्राव बाहेर येऊ द्यावा आणि स्वच्छ कापडाने बाहेरूनच टिपावा. कापसाचा बोळा आत घट्ट ठासून ठेवू नये.

मग कोरडा शेक. हा माझा आवडता घरगुती उपाय, कारण यात गुण आहे आणि नीट केला तर अपाय नाही. सुती रुमालाची घडी तव्यावर गरम करावी, किंवा जाडे मीठ कोरडेच भाजून त्याची पुरचुंडी बांधावी. ओव्याची पुरचुंडी बांधण्याची रीत आहे, तीही चालेल. काम उष्णता करते, पण ओव्याच्या वासाने आजींना बरे वाटत असेल तर तेही काही थोडे नाही. ही पुरचुंडी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद धरून पाहावी. आपल्याला सुखाने सोसवली, तरच कानाच्या पाळीभोवती, कानामागे आणि जबड्याच्या सांध्यावर दहा-पंधरा मिनिटे फिरवावी. एका जागी दाबून धरू नये. वयपरत्वे कातडी पातळ झालेली असते आणि मधुमेहात ती बधिर असू शकते, म्हणून ‘चटका बसतो का?’ असे रुग्णाला विचारण्यापेक्षा स्वतःच्या हाताने खात्री करावी. विजेची शेकण्याची पिशवी कानाखाली ठेवून झोपू देऊ नये. ज्यांना गरम सोसत नाही, त्यांना गार पाण्यात पिळलेल्या रुमालानेही आराम पडतो.

तिसरी गोष्ट पॅरासिटामॉलची साधी गोळी. पाचशे मिलिग्रॅमची एक, गरज पडल्यास सहा तासांनी दुसरी. चोवीस तासांत चारांहून अधिक नको. यकृताचा विकार असलेल्यांनी, नियमित मद्यपान करणाऱ्यांनी आणि अगदी कृश वृद्धांनी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून प्रमाण ठरवून ठेवावे. सर्दी-तापाच्या अनेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. ती गोळी आणि ही गोळी दोन्ही घेतल्याने मात्रा दुप्पट होते. वेष्टनावर नाव वाचावे. घरात गुडघेदुखीसाठी आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र या वेळी काढू नये. मूत्रपिंडाचा विकार, जठराचा व्रण, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांना ती घातक ठरू शकते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना सर्दी सुकवणाऱ्या गोळ्यांनी लघवी तुंबते, हेही ध्यानात असू द्यावे.

सर्दी असेल तर कोमट पाण्याचे घोट घेत राहावे. गिळताना नाकामागून कानाकडे जाणारी नळी क्षणभर उघडते आणि दाब थोडा उतरतो. नाक जोराने शिंकरू नये. वाफ घ्यायची असल्यास उकळते भांडे वृद्धांच्या मांडीवर देऊ नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि नंतर काढून टाकावा. त्या रात्रीपुरते एवढे पुरे होते.

कानात तेल घालणे योग्य ठरते अशी एक वेळ आहे, आणि ती पावसाळ्यातच येते: जिवंत किडा कानात शिरणे. पडद्याजवळ किडा फडफडू लागला की धीराचा माणूसही ओरडतो. पडदा शाबूत असल्याची खात्री असेल तर न तापवलेल्या खोबरेल तेलाचे काही थेंब सोडून कान वर करून पडावे. किडा मरतो, फडफड थांबते. तो काढण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. चिमटा घेऊन मागे लागू नये. कानयंत्राचा बटनासारखा सेल कानात अडकला असेल, तर मात्र तेल, पाणी, थेंब काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. असा सेल ओलाव्यात काही तासांतच आतली कातडी जाळतो.

कानातला मळ हा अनेकांना शत्रू वाटतो. तो नळीच्या बाहेरच्या भागातच तयार होतो, किंचित आम्लधर्मी असतो, पाणी व जंतू अडवतो, आणि नळीची कातडी आतून बाहेर सरकत असल्याने आपोआप बाहेर येतो. वयानुसार तो कोरडा व घट्ट होतो. कानयंत्र लावणाऱ्यांत त्याची वाटही अडते. काडेपेटीची काडी, केसांतला आकडा, कानकोरणे, कापूस गुंडाळलेली काडी, ही सारी हत्यारे मळ बाहेर काढण्याऐवजी आत ठासतात. बसस्थानकाबाहेर वही-सळई घेऊन बसणाऱ्या कान साफ करणाऱ्यांविषयी मला व्यक्तिशः राग नाही, पण एकच सळई सर्वांच्या कानांतून फिरते. मळ घट्ट झाला असेल तर तो मऊ करणारे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन ते पाच दिवस घालावेत आणि मग तो काढून घ्यावा.

आता एका वेगळ्याच शक्यतेकडे वळतो. कान दुखतो याचा अर्थ रोग कानातच आहे असा नव्हे. कानाला संवेदना पुरवणाऱ्या नसा मोठ्या घराण्यातल्या आहेत. त्यांच्याच शाखा दात, जबडा, जीभ, घसा, स्वरयंत्र आणि मान यांच्याकडे जातात. म्हणून दुखणे एकीकडे आणि कळ दुसरीकडे असे होते. कान कोरताना काहींना खोकला येतो, तोही याच नात्यामुळे. वृद्धांत याचे सर्वांत साधे कारण म्हणजे कवळी. दहा-बारा वर्षांची झिजलेली कवळी, दाताची किडलेली मुळे, एकाच बाजूने चावण्याची सवय. जबड्याच्या सांध्यावर ताण येतो आणि चावताना, जांभई देताना कानापुढे दुखते. अशा कानात कितीही तेल ओतले तरी गुण येणार नाही. दंतवैद्याकडे गेल्यास येतो.

याच वाटेने येणारी एक गंभीर गोष्ट आहे. मिश्री लावणाऱ्या एका आजी दोन महिने डावा कान दुखतो म्हणून घरगुती उपाय करून माझ्याकडे आल्या. कान आरशासारखा स्वच्छ होता. ‘आजी, तोंड उघडा पाहू, जीभ बाहेर काढा,’ म्हटल्यावर त्यांना ते विचित्र वाटले. जिभेच्या मागच्या कडेला व्रण होता. त्या वेळेत आल्या, शस्त्रक्रिया झाली. मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी यांची सवय असलेल्या माणसाचा एकाच बाजूचा कान दोन-तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल आणि कानात काही सापडत नसेल, तर तोंड व घसा तपासून घेतल्यावाचून राहू नये. गिळताना त्रास, आवाज बसणे, मानेत गाठ, यांपैकी काही जोडीला असेल तर एक दिवसही घालवू नये. चालताना किंवा जिना चढताना जबड्यापासून कानापर्यंत कळ येत असेल आणि थांबल्यावर ती जात असेल, तर कानाकडे नव्हे, हृदयाकडे पाहावे.

नागीणही कानात होते. आधी दोन-तीन दिवस आग होते, दुखते, मग कानाच्या पाळीवर किंवा भोकात बारीक फोड उठतात, आणि कधी त्याच बाजूचा चेहरा लुळा पडतो. जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ साली याचे वर्णन केले म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यावरची विषाणुरोधक औषधे पहिल्या बहात्तर तासांत सुरू झाली तर चेहरा सावरण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ते तास फोडांवर लेप लावण्यात जाऊ नयेत.

सर्वांत अधिक सावध राहावे ते मधुमेह असलेल्या वृद्धांच्या कानदुखीबाबत. याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक पत्नीसह माझ्याकडे आले. मधुमेह वीस वर्षांचा. पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी एके ठिकाणी पाण्याने कान धुऊन मळ काढून घेतला होता. चार दिवसांनी कान दुखू लागला. घरी तेल झाले, शेक झाले, औषधाच्या दुकानातून थेंब आणून झाले. ताप नाही, सूज फारशी नाही, स्राव अगदी थोडा. त्यामुळे आपण उगाच कांगावा करतो की काय, असे त्यांचे त्यांनाच वाटू लागले होते. पण रात्री दोन-अडीचला ते दुखण्याने उठून बसत. चावताना दुखे. आवाज न चढवता, शांतपणे ते एवढेच म्हणाले, ‘डॉक्टर, एवढ्याशा कानाला इतके दुखणे शोभत नाही.’ त्या वाक्यात निदान होते. बाहेरून दिसणाऱ्या खुणा आणि आतली वेदना यांचा मेळ बसत नव्हता. कानात पाहिले तर नळीच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस वाढलेले होते.

या रोगात नळीतला जंतू, बहुधा स्यूडोमोनास, कातडीतून खालच्या हाडात शिरतो आणि कवटीच्या तळाशी पसरत जातो. १९६८ साली चँडलर यांनी त्याला दुर्धर बाह्यकर्णदाह अशा अर्थाचे नाव दिले. हा कर्करोग नव्हे, पण वागणूक तशीच. वाढलेली साखर आणि वयामुळे रोडावलेला रक्तपुरवठा यांमुळे शरीराला तो आवरत नाही. कान पाण्याने धुतल्यानंतर तो सुरू झाल्याचे अनेक रुग्णांत आढळले आहे. म्हणून मधुमेही वृद्धांचा मळ पाणी न वापरता, कोरड्या पद्धतीने काढून घेणे बरे. गुरुजींना मी त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. सीटी स्कॅन झाला, अनेक आठवडे प्रतिजैविके चालली, साखर काटेकोरपणे आवरावी लागली. ते बरे झाले. मात्र उजवीकडचा ओठ हसताना आजही किंचित मागे राहतो, कारण चेहऱ्याची नस रोगाच्या वाटेवर होती. रुग्ण आणखी उशिरा आला तर हा रोग प्राणही घेतो.

तेव्हा मधुमेह असलेल्या वृद्धाचा कान दुखू लागला, तर शेक आणि गोळी केवळ एका रात्रीपुरती. दुसऱ्या दिवशी कान आणि साखर दोन्ही तपासून घ्यावी. उपचार चालू असूनही आठवडाभरात उतार पडला नाही, किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होऊ लागली, तर तज्ज्ञांकडे पाठवण्याचा आग्रह आपणच धरावा. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. मधुमेह नसलेल्यांनी घरगुती उपायांवर फार तर दोन दिवस थांबावे. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली गेली, चेहरा वाकडा झाला, गरगरू लागले, एकाएकी ऐकू येईनासे झाले, ताप चढला किंवा मान आखडली, तर दोन दिवसही नाहीत, लगेच निघावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. स्मृतिभ्रंश झालेली किंवा पक्षाघाताने वाचा गेलेली व्यक्ती ‘कान दुखतो’ असे सांगणार नाही. ती एका बाजूला सतत हात नेईल, त्या कुशीवर झोपणार नाही, कानयंत्र लावू देणार नाही, घास तोंडातच धरून ठेवील, विंचरताना अंगावर धावून येईल. घरचे म्हणतात, ‘हल्ली फार चिडचिड करतात.’ अशा वेळी पाळी हलकेच मागे ओढून पाहावी आणि कानापुढचा उंचवटा बोटाने दाबून पाहावा. चेहऱ्यावर वेदना उमटली तर चिडचिडीचे कारण तिथे असू शकते. उशीचा अभ्राही रोज पाहावा. डाग किंवा दुर्गंधी काही सांगत असते.

डॉक्टरांकडे निघताना त्या दिवशी कानात काहीही घालू नये. तेलाच्या थरामागचा पडदा आम्हाला नीट दिसत नाही, आणि तो पाहण्यासाठीच तर आपण येत असता. कवळी व कानयंत्र बरोबर घ्यावे. साखरेचा शेवटचा अहवाल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावे आणि आजवर कानात घातलेल्या सर्व थेंबांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत टाकाव्यात. तेल घालून झालेले असेल तर कोणते, केव्हा आणि किती गरम, तेही सांगावे. ते लपवण्याचे काहीच कारण नाही. दुखत्या माणसासाठी कोणी रात्री उठून तेल तापवते, त्यामागची माया आम्हालाही कळते.

कानयंत्राची निगा आणि त्याच्या सेलांविषयी अनेक पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे पुढील अंकात.